मान्यता आणि समतुल्यता : एका जर्मन कायद्याची भाषिक चिकित्सा

परदेशात संपादन केलेल्या व्यवसायपात्रतेला मान्यता देण्याविषयीचा जर्मन संघराज्याचा कायदा १ एप्रिल २०१२ रोजी अमलात आला. अर्थशास्त्रज्ञांनी आणि कायदेपंडितांनी त्याची पुष्कळ चर्चा केली आहे. परंतु कायदा ही अखेर एक शब्दरचनाच असते, आणि ती ज्या शब्दांवर उभी असते त्यांची परीक्षा करणे हे भाषाभ्यासकाचे काम आहे. निर्वासित म्हणून आलेल्या कुशल माणसाला, विशेषतः डॉक्टरला, स्थानिक समाजाच्या कामकाजात स्थान मिळावे ह्या दृष्टीने हा कायदा व त्याच्या जोडीला आलेले भाषाविषयक नियम कितपत साहाय्यभूत होतात, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे.

ह्या कायद्याचा कणा दोन शब्दांचा आहे. पहिला शब्द ‘आनएर्केनुंग’. शासकीय व्यवहारात त्याचा अर्थ ‘मान्यता’ असा होतो. पण नित्याच्या जर्मन बोलण्यात दुसऱ्याचे मोल ओळखून त्याची कदर करणे, हाही त्याचा तितकाच रूढ अर्थ आहे. दुसरा शब्द ‘ग्लाइखवेर्टिगकाइट’, म्हणजे समतुल्यता. पहिल्या शब्दात माणसामाणसांमधील संबंध सूचित होतो. दुसऱ्यात दोन कागदांची तुलना अभिप्रेत आहे. कायद्याच्या रूढ नावात पहिला शब्द मिरवतो; कलमांतून मात्र दुसराच राबतो. जर्मनीतील एखादा व्यवसाय प्रमाण म्हणून समोर ठेवावयाचा, आलेल्या माणसाचे शिक्षण त्याच्याशी ताडून पाहावयाचे आणि ‘महत्त्वाचे फरक’ नोंदवावयाचे, अशी ही रीत आहे. अनुभवाने हे फरक भरून काढता येतात, ही गोष्ट चांगलीच आहे. तथापि तुलनेची दिशा एकच राहते. अर्जदारापाशी काय उणे आहे हे विचारले जाते. अधिक काय आहे, हे विचारण्याची सोय त्या मापात नाही.

एवढ्यावरून कायदा टाकाऊ ठरविणे अन्यायाचे होईल. त्यात अर्जदाराचे राष्ट्रीयत्व आड येत नाही, आणि कागदपत्रे पूर्ण झाल्यावर तीन महिन्यांच्या आत निर्णय देण्याचे बंधन आहे. त्यापूर्वीची स्थिती काय होती? पूर्वेकडील प्रदेशांतून हाकलल्या गेलेल्या जर्मनांच्या परीक्षा व पात्रता मान्य करण्याची तरतूद १९५३ च्या कायद्यात झाली होती. १९५० च्या सुमारास पश्चिम जर्मनीत असे सुमारे ऐंशी लक्ष लोक होते. म्हणजे निर्वासिताच्या कसबाला मान्यता देण्याची कल्पना त्या देशाला नवीन नव्हती; ती आपल्या भाषेच्या निर्वासितांपुरती होती, इतकेच. परभाषिकाला आपल्या पात्रतेच्या तपासणीचा सर्वसाधारण हक्क मिळावयास आणखी जवळजवळ साठ वर्षे जावी लागली.

कायद्यातील सर्वांत मोलाचे कलम चौदावे होय. युद्धातून वाचून आलेल्या माणसापाशी प्रमाणपत्रे नसतात. असली तरी ज्या संस्थेने ती दिली तिच्याशी पत्रव्यवहार शक्य नसतो. अशा वेळी अर्जदाराने प्रत्यक्ष काम करून दाखवावे, त्या विषयातील जाणकाराशी चर्चा करावी, आणि त्यावरून त्याची पात्रता ठरवावी, असे हे कलम सांगते. अलेप्पोचा सुतार लाकूड कसे पाहतो, हत्यार कसे धरतो, सांधा कसा बसवितो, हे पाहून परीक्षकाला जे कळते ते कोणत्याही शिक्क्यात मावणारे नाही. येथे कागदाकडून माणसाकडे जाण्याचा मार्ग खुला झाला. कायद्याच्या नावातील पहिला शब्द सार्थ होतो तो ह्याच ठिकाणी, असे आम्हास वाटते.

डॉक्टरचा मार्ग मात्र निराळा आहे. रुग्णाच्या जिवाचा प्रश्न असल्याने वैद्यकीय व्यवसायाला शासनाचा परवाना लागतो, आणि त्यासाठी भाषेची स्वतंत्र कसोटी आहे. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषाविषयक आराखड्यात सहा पायऱ्या कल्पिलेल्या आहेत. २०१४ मध्ये जर्मन राज्यांच्या आरोग्यमंत्र्यांनी असे ठरविले की, डॉक्टरची सामान्य जर्मन चौथ्या पायरीची आणि व्यावसायिक जर्मन पाचव्या पायरीची असावी. त्यासाठी होणाऱ्या परीक्षेचे वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात : रुग्णाशी संभाषण, त्या संभाषणावरून लेखी टिपण, आणि दुसऱ्या डॉक्टरशी चर्चा.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने ही रचना सामान्य परीक्षांहून सरस आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. जर्मन वैद्यकात शब्दांची दुहेरी पेठ आहे. आंत्रपुच्छाच्या दाहाला रुग्ण ‘ब्लिंडडार्मएंट्झुंडुंग’ म्हणतो, तर डॉक्टर सहकाऱ्याशी बोलताना ‘अपेंडिट्झीटिस’ म्हणतो. एका पेठेतून दुसरीत सहज जाता येणे हे त्या व्यवसायाचे खरे भाषिक कौशल्य होय, आणि परीक्षेने नेमके तेच हेरले आहे.

तरीही ह्या कसोटीपुढे सर्व परदेशी डॉक्टर सारखे उभे राहत नाहीत. इंग्रजीतून शिकलेल्या भारतीय डॉक्टरला लॅटिन-ग्रीक वळणाच्या संज्ञा आयत्या मिळालेल्या असतात. सीरियात मात्र १९१९ पासून दमास्कसच्या वैद्यकीय विद्यालयात शिक्षणाचे माध्यम अरबी आहे. मराठी ही ज्ञानभाषा व्हावी अशी इच्छा बाळगणाऱ्या आम्हांस ह्या परंपरेचा हेवा वाटावा. परंतु जी गोष्ट दमास्कसमध्ये अभिमानाची, तीच जर्मनीच्या दारात जादा ओझे होते. कारण तेथील डॉक्टरला दोन्ही पेठांतील शब्द नव्याने जोडावे लागतात. ह्यावरून मातृभाषेतील उच्च शिक्षणाविरुद्ध अनुमान कोणी काढू नये. उणीव शिक्षणात नसून, त्याचे मोल टिपू न शकणाऱ्या मापात आहे.

हे माप आणखी एका ठिकाणी अपुरे पडते. चार्ल्स फर्ग्युसन ह्यांनी १९५९ मध्ये द्विस्तरीय भाषाव्यवहाराची जी कल्पना मांडली, तिच्या चार उदाहरणांत अरबी होती आणि स्वित्झर्लंडमधील जर्मनही होती. सीरियन डॉक्टर रुग्णाची तक्रार बोलीत ऐकतो आणि शिकलेली विद्या ग्रंथभाषेतली असते. हा स्तरभेद त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. तो जेव्हा श्वाबियातील एखाद्या रुग्णालयात जातो तेव्हा त्याला नेमकी हीच शक्ती लागते, कारण तेथील म्हातारी आपले दुखणे वर्गातल्या प्रमाण जर्मनीत सांगत नाही, श्वाबीत सांगते. परीक्षेच्या तीन भागांत मात्र ह्या शक्तीला गुण नाहीत. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्या राज्याशी कुशल मनुष्यबळासंबंधी करार केला त्या बाडेन-वुर्टेम्बेर्गमध्येच श्वाबी बोलली जाते. तेव्हा आमच्याकडील जर्मनच्या वर्गांनीही ह्या गोष्टीची दखल घ्यावयास हवी.

आता मुख्य आक्षेप. भाषा आधी आणि काम नंतर, असा क्रम ह्या सर्व व्यवस्थेत गृहीत धरलेला आहे. नवागतांच्या सर्वसाधारण अभ्यासक्रमात भाषेचे सहाशे तास असतात. त्यावर व्यवसायभाषेचे वर्ग २०१६ पासून देशभर चालू झाले. तात्पुरता परवाना दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो, पण त्याच्याही दाराशी भाषेचा दाखला उभाच असतो. वास्तविक व्यवसायाची भाषा वर्गात शिकून रुग्णालयात न्यावयाची वस्तू नाही. पहाटे पाळी बदलताना परिचारिका जी तुटक वाक्ये बोलतात, वरिष्ठ डॉक्टर फेरीत जे अर्धेच उच्चारतो, नातेवाइकाला वाईट बातमी देताना कोणते क्रियापद टाळावयाचे असते, हे ज्ञान त्या जागीच होते. त्या जागेपासून माणसाला दूर ठेवून त्याच भाषेचा पुरावा मागणे हा तर्कदोष आहे. शिवाय वाट पाहण्याच्या काळात हातचे कसबही गंजते.

चुकीचा ऐकलेला औषधाचा आकडा रुग्णाचा प्राण घेऊ शकतो, हे उत्तर येथे दिले जाईल. ते खरे आहे, आणि म्हणूनच कसोटीची पायरी खाली आणावी असे आम्ही म्हणत नाही. कसोटीची जागा बदलावी, एवढेच म्हणणे आहे. चौदाव्या कलमाने सुताराला जो न्याय दिला तो डॉक्टरच्या भाषेलाही लागू करता येईल : जबाबदार वरिष्ठाच्या देखरेखीखाली, निर्णयाचा अधिकार न देता, पण पगारी नेमणुकीवर त्याला काम करू द्यावे, शिक्षक तेथे जावा, परीक्षाही तेथील व्यवहारावर घ्यावी. ह्याला खर्च येईल, आणि वरिष्ठ डॉक्टरांचा वेळ मोडेल. पण जर्मनीतील परदेशी डॉक्टरांत सीरियन डॉक्टरांचा गट सर्वांत मोठा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सीरियातील सत्ता कोसळून त्यांच्या परत जाण्याची चर्चा निघाली, तेव्हा रुग्णालयांच्या संघटनेने चिंता व्यक्त केली, आणि ती मुख्यत्वे लहान गावांतील रुग्णालयांविषयी होती. म्हणजे गरज कोणाची आहे ह्याविषयी आता वाद उरलेला नाही.

मार्च २०२४ पासून ‘मान्यता-भागीदारी’ नावाची सोय सुरू झाली आहे. तीत मान्यतेची कारवाई चालू असतानाच माणसाला काम करता येते. क्रम उलटविण्याच्या दिशेने टाकलेले हे पहिले पाऊल होय. परंतु ही सोय मालकाशी करार करून परदेशातून प्रवेशपत्रावर येणाऱ्यासाठी योजलेली आहे. आश्रय मागून जो आधीच त्या देशात पोहोचला, त्याच्या वाट्याला सहाशे तासांचा वर्ग आणि जुनाच क्रम राहिला आहे.