चूक त्यांची, भुर्दंड आपल्याला

मंडळी, अनसिंगच्या शिवारात सोयाबीन, म्हणून विम्याची गोष्ट आपण त्याच पिकापासून सुरू करू. पीक विम्याचा अर्ज आपण स्वतः क्वचितच भरतो. सेवा केंद्रावरचा पोरगा भरतो, कर्ज असेल तर बँकेतले साहेब. गट क्रमांकात एक आकडा चुकला की दावा अडकतो. विचारायला गेलं तर उत्तर ठरलेलं, 'अर्ज तुमच्याच नावाचा आहे ना?' आणि आपण मुकाट्यानं परत येतो.

का बरं परत यायचं? २०१६ सालच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की बँकेच्या चुकीमुळं शेतकऱ्याचा लाभ बुडाला तर ते नुकसान त्या बँकेनंच भरून द्यायचं. योजनेच्या जाहिरातीत हप्ता किती ते मोठ्या अक्षरात असतं. हे वाक्य मात्र कुठल्या भिंतीवर रंगवलेलं आम्ही पाहिलं नाही.

व्यावसायिक जबाबदारीचा विमा म्हणतात तो याच्याच जवळचा. डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल हे आपल्या हातून होणाऱ्या चुकीसाठी पॉलिसी काढतात. विमा ब्रोकरला तर ती काढावीच लागते, नियामकाचा तसा नियमच आहे. निष्काळजीपणा तिच्यात बसतो, मुद्दाम केलेली लबाडी बसत नाही. इथवर ठीक. पण ब्रोकर आपल्या ओट्यावर कधी बसतो? बसतो तो एजंट, बहुधा आपल्याच नात्यातला. त्यानं हप्ता घेतला आणि वेळेत भरलाच नाही, तर? १९९७ साली सर्वोच्च न्यायालयापुढं असाच खटला होता. एजंटला हप्ता स्वीकारायचा अधिकारच नव्हता, म्हणून महामंडळावर विम्याच्या रकमेची जबाबदारी येत नाही, असा निकाल लागला. कायद्यानं तो बरोबर असेलही. पण ज्याच्या तोंडाकडं बघून माणूस पैसे देतो, तो ऐन वेळी कंपनीचा कुणीच नसतो, हे आम्हाला पटत नाही.

आता जरा मागं जाऊ. १९५६ च्या जानेवारीत आपल्या चिंतामणराव देशमुखांनी, अर्थमंत्री म्हणून, आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण जाहीर केलं. २४५ संस्था एकत्र आल्या. लोकांचा पैसा विश्वस्तासारखा सांभाळायचा, हा हेतू. वर्षही झालं नव्हतं, तोच नव्या महामंडळानं १९५७ च्या जूनमध्ये हरिदास मुंदडांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटीचे शेअर घेतले. फिरोज गांधींनी लोकसभेत विषय लावून धरला. मुंबईत न्यायमूर्ती छागलांनी उघड चौकशी केली. अर्थमंत्री होते टी. टी. कृष्णम्माचारी. व्यवहार सचिवांनी केला, माझी संमती नव्हती, हा त्यांचा बचाव. छागलांनी तो मानला नाही. सचिवाच्या कृतीला मंत्री जबाबदार, असं त्यांनी म्हटलं. फेब्रुवारी १९५८ मध्ये राजीनामा आला.

छागलांचं हे माप आपण एजंटला लावून पाहू. हाताखालचा चुकला तर वरच्यानं उत्तर द्यायचं, एवढंच ते माप. मंत्र्याला लागू झालं, ते विमा कंपनीला का लागू नसावं? सभा संपल्यावर याच प्रश्नावर बोलायला आम्ही थांबणार आहोत. ज्यांच्याकडं अडकलेल्या दाव्याचे कागद असतील त्यांनी पुढं बसावं, चहा होईलच.