चौकटीतले आणि चौकटीबाहेरचे

अमेरिकेतील प्रेअरीवरच्या, म्हणजे तिथल्या अफाट गवताळ मैदानातल्या, नव्या गावांची जुनी छायाचित्रे पाहून प्रस्थापित समीक्षक हळवे होतात. त्यांना त्यांत साधे, कष्टाळू जीवन दिसते. प्रश्न असा आहे की, हे जीवन कोणाचे? आणि ते कोणाच्या जमिनीवर उभे आहे?

सॉलोमन बुचर याने १८८६ पासून नेब्रास्कातील कस्टर काउंटीत आणि आसपास हिंडून ३,००० हून अधिक छायाचित्रे घेतली. तिथे लाकूड दुर्मिळ होते, म्हणून गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या ढेकळांची घरे. हिल्टन कुटुंबाने आपला ऑर्गन बाहेर उघड्यावर आणून छायाचित्र काढवले. मातीचे घर नातलगांना दिसू नये म्हणून! दारिद्र्य झाकण्याची ही धडपड आपल्याला परकी नाही.

याच संग्रहात १८८७ सालचे शोअर्स कुटुंब आहे. जेरी शोअर्स पूर्वाश्रमीचा गुलाम. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने वसाहतवाल्यांना १६० एकरांपर्यंत जमीन मिळे. ज्या माणसाचीच बाजारात किंमत केली जात होती, तो आता आपल्या घरापुढे बसून सरळ कॅमेऱ्याकडे पाहतो आहे.

कॅन्ससमधील निकोडेमस हे गाव १८७७ मध्ये केंटकीहून आलेल्या काळ्या लोकांनी वसवले. पहिला हिवाळा त्यांनी जमिनीत खणलेल्या खोपटांत काढला. १८८५ च्या सुमारास घेतलेल्या तिथल्या वॉशिंग्टन स्ट्रीटच्या छायाचित्रात मात्र दुकाने उभी आहेत. १८८७ पर्यंत गावात दोन वृत्तपत्रे निघत होती. माझे आजोबा गावच्या दुकानाच्या पायरीखाली उभे राहून मीठ मागत. पैसे दुरून टाकावे लागत. म्हणून या रस्त्याकडे मला केवळ व्यापाराचे चित्र म्हणून पाहता येत नाही. गिऱ्हाईक म्हणून दुकानात शिरणे, मालक म्हणून दारात उभे राहणे, हा माणूसपणाचा हक्क आहे. १९७२ मध्ये दलित पँथरने ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. आपण काळ्यांचा विद्रोह वाचला. त्यांचा बाजार वाचला नाही.

तो बाजार टिकला नाही. रेल्वेसाठी गावाने कर्जरोखे मंजूर केले, पण १८८८ मध्ये रूळ सॉलोमन नदीच्या पलीकडून गेले. दुकानेही पलीकडे बोग येथे गेली. आत्मसन्मान गावाने कमावला होता. मालवाहतुकीच्या नाड्या मात्र दुसऱ्यांच्या हाती होत्या.

आणि चौकटीबाहेर कोण? नेब्रास्कातून १८७० च्या दशकात पॉनी लोकांना दक्षिणेकडे हलवले गेले. त्याच निकोडेमसच्या पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी उपाशी वसाहतवाल्यांना मांस दिले, असे तिथले लोक सांगत आले. ज्यांची जमीन गेली त्यांनीच अन्न दिले! याचे छायाचित्र नाही.

ही विसंगती झाकून काळ्या दुकानदाराचा गौरव करणे म्हणजे प्रस्थापितांचीच नजर उसनी घेणे होय. त्याच्याशी आपले नाते आहे. चौकटीबाहेरच्याशीही आहे. दोन्ही नाती एकाच वेळी सांभाळणारी समीक्षा आपल्यालाच लिहावी लागेल.