ऑक्सिमीटरचा आकडा आणि कातडीचा रंग

डिसेंबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या अमेरिकन साप्ताहिकात मिशिगन विद्यापीठातील डॉक्टरांचे एक छोटे टिपण प्रसिद्ध झाले. आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्ता न्याय्य कशी होईल याची चर्चा निघाली की त्याचा दाखला हटकून दिला जातो. दाखला योग्यच आहे. पण त्यातून जो उपाय सुचवला जातो, तो आम्हांला अपुरा वाटतो.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आपल्याकडे आता घरोघर माहीत आहे. २०२० च्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत तो वाड्यावस्त्यांवर फिरला. त्यातून सुमारे ६६० नॅनोमीटरचा तांबडा आणि ९४० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश बोटात सोडला जातो. प्राणवायू घेतलेले हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश कमी शोषते, न घेतलेले जास्त. नाडीच्या ठोक्याबरोबर प्रकाशात जेवढा चढउतार होतो, तेवढाच यंत्र हिशेबात धरते. कातडीला काही ठोके नसतात. म्हणजे तिचा रंग हिशेबातून गळून पडायला हवा.

तसे होत नाही. प्रकाशांच्या गुणोत्तरावरून टक्केवारी सांगणारे कोष्टक निव्वळ सिद्धांतातून आलेले नाही. निरोगी स्वयंसेवकांना कमी प्राणवायूची हवा देऊन, त्यांच्या रक्ताच्या तपासणीशी ताडून ते बनवतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेनुसार यंत्राच्या चाचणीला किमान १० माणसे पुरत होती, आणि त्यांत गडद वर्णाची दोन! (जानेवारी २०२५ च्या मसुद्यात ही संख्या किमान १५० सुचवली गेली.)

मिशिगनच्या डॉक्टरांनी ऑक्सिमीटरचा आकडा व लगेच केलेली रोहिणीच्या रक्ताची तपासणी अशा जोड्या पाहिल्या. यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना खरी पातळी ८८ च्या खाली, असे गोऱ्या रुग्णांत ३.६ टक्के वेळा, तर काळ्या रुग्णांत ११.७ टक्के वेळा आढळले. काम चोख आहे. उणीव एवढीच, की त्यात वंशाची नोंद आहे, कातडीचा रंग कोणी मोजलेला नाही. आपल्याकडे एकाच घरातल्या सख्ख्या भावंडांचे वर्ण निराळे असतात, तिथे अशा नोंदीने काय कळणार?

आता कृत्रिम बुद्धिमत्तेकडे वळू. रुग्ण खालावतो आहे का, हे सांगणाऱ्या संगणकप्रणालीला ऑक्सिमीटरचे आकडे पुरवले जातात. 'सर्व वर्णांच्या रुग्णांची माहिती भरा, अन्याय दूर होईल' हा नेहमीचा सल्ला. पण मोजमापच चुकत असेल, तर जास्त माहिती म्हणजे जास्त चुकीचे आकडे. त्यातून प्रणालीची परीक्षाही त्याच यंत्राच्या आकड्यांवर घेतली, तर ती पैकीच्या पैकी गुण मिळवील! चूक पकडायला रोहिणीतले रक्त काढावे लागते. ते सहसा डॉक्टरांना शंका आली तरच काढतात. आणि ऑक्सिमीटरवर ९४ दिसत असताना शंका येण्याचा संभव कमी. म्हणजे ज्या रुग्णाच्या बाबतीत यंत्र फसले, त्याची खरी नोंद होतच नाही. अशा रुग्णांची मोजणी मिशिगनच्या टिपणातही येऊ शकत नाही, कारण त्यातले रुग्ण रक्ततपासणी झालेलेच आहेत.