अटकळीचे गद्य : ‘युरेका’तील एक लेख आणि विद्यार्थी-नियतकालिकाचे स्वरूप

विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी चालविलेल्या विज्ञानविषयक नियतकालिकांचा विचार बहुधा व्यवस्थेच्या अंगाने होतो. छपाईचा खर्च कोणी सोसावयाचा, संपादक परीक्षेला बसला म्हणजे अंक कोणी काढावयाचा, हे प्रश्न खरेच आहेत. ते न सुटल्यामुळे कित्येक नियतकालिके दुसऱ्या-तिसऱ्या अंकानंतर नामशेष होतात. परंतु ज्याचे अध्ययन अद्याप पुरे झालेले नाही अशा लेखकाने विज्ञानाविषयी कोणत्या भाषेत लिहावे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः अशा नियतकालिकाचे स्वरूप त्या प्रश्नाच्या उत्तरावरच अवलंबून असते. केंब्रिज विद्यापीठातील ‘युरेका’ या नियतकालिकात १९४४ साली आलेल्या एका लेखाच्या आधारे त्याची चर्चा करणे सोयीचे होईल.

‘आर्किमिडियन्स’ ही केंब्रिजच्या विद्यार्थ्यांची गणितविषयक संस्था १९३५ साली स्थापन झाली आणि तिच्या ‘युरेका’चा पहिला अंक १९३९ च्या जानेवारीत निघाला. संपादन प्रथमपासून विद्यार्थ्यांच्या हाती राहिले. अंक साधारणतः वर्षाला एक, आणि तोही नेमाने नव्हे. आठवा अंक १९४४ चा आहे, तर नववा १९४७ चा. तथापि या विस्कळीत क्रमातही लेखकवर्ग लहानसहान नव्हता. जी. एच. हार्डी यांनी युद्धकाळातील गणितावरील आपला लेख १९४० साली ‘युरेका’ला दिला आणि त्याच वर्षीच्या ‘अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी’ या ग्रंथात त्यातील विवेचन संक्षेपाने घेतले. १९४७ साली ब्लँच देकार्त या नावाने रंगयोजनेचे एक कोडे छापले गेले. ही बाई कधी अस्तित्वातच नव्हती; केंब्रिजच्या चार मित्रांनी विद्यार्थिदशेत मिळून निर्माण केलेले ते एक काल्पनिक व्यक्तिमत्त्व होते. त्या चौघांपैकी विल्यम टट हे पुढे आलेखसिद्धांतातील अग्रगण्य गणितज्ञ म्हणून प्रसिद्धी पावले. प्राध्यापकाचा गंभीर लेख आणि टोपणनावाची थट्टा एकाच नियतकालिकाने आश्रयाला घ्यावी, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आठव्या अंकातील विवेच्य लेख फ्रीमन डायसन यांचा होय. लेख प्रसिद्ध झाला त्या साली ते वीस वर्षांचे होते. केंब्रिजचे अध्ययन आटोपून ते ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागात आकडेमोडीच्या कामावर रुजू झाले होते. ‘विभाजनसिद्धांतातील काही अटकळी’ असा लेखाच्या शीर्षकाचा अर्थ होतो. मुद्रित गणितात ‘प्रमेय’ व ‘सिद्धता’ या शब्दांना जो मान असतो तो पाहता, मथळ्यातच ‘अटकळ’ हा शब्द घालणे हे साधे धाडस नव्हे.

विषय थोडक्यात असा. एखादी पूर्ण संख्या धन पूर्णांकांच्या बेरजेने जितक्या प्रकारांनी मांडता येते, ती तिची विभाजने. चारची विभाजने पाच : ४, ३+१, २+२, २+१+१, १+१+१+१. नऊची तीस होतात, चौदाची एकशे पस्तीस. श्रीनिवास रामानुजन यांनी मॅकमेहन यांनी केलेल्या तक्त्यावरून असे हेरले की, ४, ९, १४ अशा पाचापाचाने वाढणाऱ्या संख्यांच्या विभाजनांची संख्या पाचाने निःशेष भागली जाते. ५, १२, १९ या क्रमात ती साताने भागली जाते आणि ६, १७, २८ या क्रमात अकराने. १९१९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. सिद्धता श्रेढींच्या गुणधर्मांवरून येते आणि ती निर्दोष आहे. मात्र तीस विभाजनांचे सहा-सहाचे पाच ढीग व्हावेत याची खात्री ती देते. कोणते विभाजन कोणत्या ढिगात जावयाचे, याविषयी ती मौन पाळते.

रामानुजन ज्या ट्रिनिटी महाविद्यालयाचे सदस्य होते, त्याच महाविद्यालयातील या विद्यार्थ्याला हे मौन खटकले. त्याने सुचविलेली युक्ती शाळकरी मुलालाही समजेल अशी आहे. विभाजनातील सर्वांत मोठ्या घटकातून घटकांची संख्या वजा करावी. येईल ती त्या विभाजनाची ‘रँक’. चारच्या पाच विभाजनांच्या रँका अनुक्रमे ३, १, ०, −१, −३ येतात. पाचाने भागून बाकी घेतली तर ३, १, ०, ४, २. म्हणजे प्रत्येक बाकी एकेकदाच येते. पाचच्या सात विभाजनांना साताच्या बाबतीत हीच कसोटी उतरते. सहाच्या अकरा विभाजनांत मात्र ती कोलमडते. कारण ४+१+१ आणि ३+३ या दोहोंची रँक एकच, म्हणजे १ आहे. डायसन यांनी हे अपयश झाकले नाही. उलट, अकराच्या बाबतीत रँकेचे काम करील अशी, पण रँकेहून अधिक गूढ, दुसरी एखादी राशी असली पाहिजे असे म्हणून तिला त्यांनी ‘क्रँक’ असे नावही देऊन टाकले. ती राशी कोणती, हे त्यांना ठाऊक नव्हते.

लेखाची खरी गंमत येथून सुरू होते, आणि ती भाषेची आहे. प्रारंभीच लेखक प्रा. लिटलवुड यांच्या एका सवयीची थट्टा करतो. एखादे बैजिक समीकरण खरे असेल तर ते पडताळण्याची गरज ज्याला भासते असा कोणीही मंदबुद्धी मनुष्य ते चार ओळींत पडताळू शकतो, असे लिटलवुड म्हणत. या म्हणण्याचे खंडन करणे हाच आपला हेतू, असे हा विद्यार्थी मोठ्या गांभीर्याने सांगतो. येथे विनय आणि उद्धटपणा यांची सीमारेषा मोठ्या कौशल्याने सांभाळलेली आहे. गुरुजनांचे नाव घेऊन केलेली चेष्टा संशोधन-पत्रिकेत शोभली नसती आणि वर्गात बहुधा चालली नसती. ‘युरेका’त ती स्वाभाविक वाटते. पण ही थट्टा केवळ रंजनासाठी नाही. जी विधाने पडताळता आलेली नाहीत त्यांचीच ही यादी आहे, अशी सूचना वाचकाला पहिल्या परिच्छेदातच मिळून जाते.

पुढील विवेचनात विधानांच्या पायऱ्या कधीही एकमेकींत मिसळत नाहीत. रामानुजन यांनी सिद्ध केलेले एका क्रियापदाने सांगितले जाते, आकडे मांडून पाहिलेले दुसऱ्याने, केवळ मनात आलेले तिसऱ्याने. अखेरीस क्रँकविषयीच्या श्रद्धा क्रमाने मांडून, त्यांना पुरेसा आधार आहे की नाही हे ठरविणे लेखक वाचकावर सोपवितो. शोध लागण्यापूर्वीच जिचे बारसे झाले अशी ही एकमेव राशी असावी, असे तो म्हणतो आणि व्हल्कन या ग्रहाची गत तिला न येवो अशी इच्छा प्रकट करतो. व्हल्कन म्हणजे एकोणिसाव्या शतकात बुधाच्या कक्षेआत कल्पिलेला, नाव मिळालेला, परंतु कधीही न सापडलेला ग्रह. स्वतःची कल्पना फसण्याची शक्यता इतक्या नेमक्या दृष्टान्ताने सांगणारे गद्य विसाव्या वर्षी लिहिले जाणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

रँकेची अटकळ १९५४ साली ॲटकिन व स्विनर्टन-डायर यांनी सिद्ध केली. क्रँकला अधिक वाट पाहावी लागली. १९८७ च्या जूनमध्ये, रामानुजन यांच्या जन्मशताब्दीनिमित्त इलिनॉय विद्यापीठात भरलेली परिषद आटोपल्यावर, तेथील एका विद्यार्थी-वसतिगृहात जॉर्ज अँड्र्यूज व फ्रँक गार्वन यांना ती सापडली. निबंध १९८८ साली प्रसिद्ध झाला. पाच, सात व अकरा या तिन्ही बाबतींत ती एकसारखी लागू पडते.

परंतु या यशावरून लेखाची किंवा नियतकालिकाची थोरवी ठरविणे चुकीचे होईल. क्रँक कधीच सापडली नसती, तरीही हा लेख छापण्यास तितकाच योग्य होता. कारण त्यात असत्य असे एकही विधान नव्हते. जे ठाऊक नव्हते ते ठाऊक नाही असेच म्हटले होते. संपादकाने निवड करताना पाहावयाचे ते हेच. उलट, अनेक विद्यार्थी-नियतकालिके संशोधन-पत्रिकांचा वेश घेतात. सारांश, प्रस्तावना, निष्कर्ष, तज्ज्ञांचे परीक्षण असा सगळा सरंजाम मांडतात, आणि त्या वेशात दुय्यम दर्जाचे संशोधन किंवा पाठ्यपुस्तकाचा सारांश तेवढा छापून येतो. पूर्ण झालेल्या संशोधनाला अन्यत्र जागा असते. अपूर्ण पण प्रामाणिक विचाराला ती जवळजवळ नसते. ‘युरेका’च्या संपादकांनी ही दुसरी जागा मोकळी ठेवली.

अर्थात ‘युरेका’तही दोष आहेतच. लिटलवुड यांच्या सवयी ज्याला माहीत नाहीत त्याला पहिल्या परिच्छेदातील विनोद अर्धाच कळतो. अशा खासगीपणातून लेखनाला ऊब येते हे खरे. पण दारही अर्धवट लागते. ज्या दोघांनी रँकेची अटकळ सोडविली तेही केंब्रिजचेच असावेत, हा केवळ योगायोग म्हणता येणार नाही. अंक त्या वर्तुळात फिरत होता.

मराठीत विज्ञान-नियतकालिकांची परंपरा तुटपुंजी नाही. ‘सृष्टिज्ञान’ मासिक १९२८ पासूनचे आहे, मराठी विज्ञान परिषद १९६६ पासूनची. त्यांचे मुख्य कार्य ज्ञात विज्ञान लोकांपर्यंत नेण्याचे. त्यामुळे तेथील गद्य निश्चयार्थी असावे हे योग्यच. अडचण येते ती विद्यार्थी हेच गद्य स्वतःच्या विचारासाठी उसने घेतो तेव्हा. ‘असे दिसून येते’, ‘असे मानले जाते’, ‘असे सिद्ध झाले आहे’ या कर्मणी व भावे रचनांच्या आड कोणाला दिसले, कोणी मानले, कोणी सिद्ध केले, हे सर्व दडून जाते, आणि प्रत्येक वाक्य एकाच ‘आहे’वर येऊन थांबते.

हा दोष भाषेच्या माथी मारता येत नाही. मराठी क्रियापदात निश्चयाच्या जितक्या छटा आहेत तितक्या फार थोड्या भाषांत इतक्या सुटसुटीत सापडतील. ‘ढीग समान होतात’ हे विधान. ‘ढीग समान होत असावेत’ हा पुराव्यावरून केलेला तर्क. ‘ढीग समान होत असतील’ ही पुराव्याची फारशी जबाबदारी न घेता केलेली कल्पना. ‘ढीग समान होणारच’ ही वक्त्याची खात्री, सिद्धता नव्हे. ‘असावे’ आणि ‘असेल’ यांतील भेद घरगुती बोलण्यात कोणीही चुकत नाही. दाराशी चपला दिसल्या तर ‘तो घरी असावा’ असे म्हणतात. काहीच दिसले नाही तर ‘असेल घरी’. हाच भेद प्रयोगवहीत आणि निबंधात मात्र पुसला जातो. न्यायदर्शनाने संशय, तर्क आणि निर्णय यांना सोळा पदार्थांत स्वतंत्र स्थाने दिली आहेत; ज्या परंपरेत तर्काला निर्णयाहून वेगळे आसन आहे, तेथे अटकळ लिहिण्याचा संकोच बाहेरून आलेला असावा. विद्यार्थी-नियतकालिकाच्या संपादकाला गणित वा रसायन तपासण्याची पात्रता नसेल, पण हस्तलिखितातील प्रत्येक ‘आहे’ला ‘कशावरून?’ असे विचारण्याची असू शकते.

डायसन यांच्या लेखाचे मराठी भाषांतर करू पाहणाऱ्यापुढे एक अडचण मात्र राहते. ‘रँक’ आणि ‘क्रँक’ यांचे यमक आहेच. शिवाय इंग्रजीत क्रँक म्हणजे यंत्राचा दांडा आणि विक्षिप्त मनुष्यही. ‘रँक’साठी ‘कोटी’ हा शब्द योजला, तर श्रेणी आणि शब्दनिष्ठ विनोद हे दोन्ही अर्थ एका शब्दात येतात आणि लेखकाचा मिस्कीलपणा थोडा तरी टिकतो. पण मग ‘क्रँक’ला काय म्हणावे? ‘विकोटी’ फार विद्वत्ताप्रचुर, ‘तऱ्हा’ जवळचा पण यमकाबाहेरचा. तूर्त ‘क्रँक’च ठेवणे भाग आहे.