माणिक : तो, ती की ते?

सातव्या महिन्यात ताईचं डोहाळजेवण झालं. पाटासमोर दोन वाट्या पालथ्या घातल्या होत्या. एकीखाली पेढा, दुसरीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. ताईने उचललेल्या वाटीखाली बर्फी निघाली आणि मागून कुणीतरी म्हणालं, "असू दे गं, पुढच्या वेळी पेढा." सगळे हसले, ताईही हसली. रात्री तिचा मेसेज आला : "मुलगा असो की मुलगी, चालेल असं एक नाव शोध. जरा वेगळं. मला ते आत्ताच ठरवून टाकायचंय."

आपल्याकडे १९९४च्या कायद्याने गर्भलिंगनिदानावर बंदी आहे. त्यामुळे बाळाला जन्माआधी नाव द्यायचं, तर ते दोघांनाही शोभणारंच हवं. मी 'माणिक' सुचवलं. फॅमिली ग्रुपवर भावोजींनी लिहिलं, "हे तर कुठल्यातरी काकांचं नाव वाटतं." त्यावर आई, "काका कसले? माणिक म्हणजे बाई. माणिक वर्मा!"

दोघांचंही बरोबर होतं. म्हणूनच हे नाव मला नीट वाचून बघावंसं वाटलं. शेवटी नाव म्हणजे घरोघरी लिहिला जाणारा सर्वांत छोटा मजकूर. त्याची समीक्षा व्हायला काय हरकत आहे?

संस्कृतातलं 'माणिक्य' प्राकृतातून येता येता 'माणिक' झालं. अर्थ : लाल रत्न, नवरत्नांमधलं सूर्याचं. पण मला अर्थापेक्षा व्याकरण जास्त आवडलं. मराठीत आपण 'ते माणिक' म्हणतो. हिंदीने सोडून दिलेलं नपुंसकलिंग मराठीने जपलंय आणि आपण ते लहानग्यांसाठी किती मायेने वापरतो बघा : ते बाळ, ते मूल, ते लेकरू, ते पिल्लू. बाळ रडतं, बाळ झोपतं. मराठीत प्रत्येकाचं आयुष्य आधी 'ते'पासूनच सुरू होतं. अर्थात व्याकरणाने सगळं ठरत नाही. 'हिरा' पुल्लिंगी असूनही हिराबाई आहेतच. पण 'माणिक'ला दोन्हीकडे जाता येतं, त्याला या 'ते'चा थोडा हातभार असावा.

आता माणसं बघू. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीत जन्मलेल्या एका मुलाचं नाव माणिक होतं. पुढे तो राष्ट्रसंत तुकडोजी महाराज झाला. १९३७ साली नागपुरात जन्मलेले माणिक गोडघाटे म्हणजे कवी ग्रेस. दुसऱ्या बाजूला १९२६ साली पुण्यात जन्मलेल्या माणिक दादरकर, म्हणजेच माणिक वर्मा. किराणा घराण्याच्या गायिका, मराठी भावगीतांचा घरोघरी पोचलेला आवाज. आणि जयपूर-अत्रौली घराण्याच्या माणिक भिडे, किशोरी आमोणकरांच्या शिष्या आणि अश्विनी भिडे-देशपांडे यांच्या आई.

ही चार नावं शेजारी मांडली तेव्हा लक्षात आलं की दोन्ही पुरुषांनी 'माणिक' मागे ठेवलं आणि दोन्ही स्त्रियांनी ते मिरवलं. चार माणसांवरून नियम काढू नये, पण ग्रेस यांच्यापाशी मी थबकले. 'ग्रेस' हे इंग्रजीत सरळ मुलीचं नाव. म्हणजे दोघांना चालणाऱ्या नावाकडून हा कवी मुलीच्या नावाकडे गेला आणि मराठी वाचकाला त्यात काहीच खटकलं नाही. आपण 'ग्रेस म्हणाले' असं म्हटलं, संपलं.

इथेच मराठीची खरी गंमत आहे. 'माणिक गेला', 'माणिक गेली' : क्रियापद पहिल्याच वाक्यात सांगून टाकतं. त्यावर राव, बाई, ताई, दादा आहेतच. सांगायचं काम इतरांनी उचललं, म्हणून नाव मोकळं राहू शकलं. बंगालीत उलट. तिथलं क्रियापद 'तो-ती' करत नाही, तरी मला ठाऊक असलेले बंगाली माणिक पुरुषच आहेत : कादंबरीकार माणिक बंद्योपाध्याय, आणि जवळच्यांचे 'माणिकदा' सत्यजित राय.

नावानेच लिंग सांगायला हवं का, हा प्रश्न कोर्टातही गेलाय, तोही आपल्या ओळखीच्या नावामुळे. जर्मनीत एका जोडप्याला मुलीचं नाव 'किरण' ठेवायचं होतं. नावावरून मुलगा की मुलगी कळत नाही म्हणून नोंदणी नाकारली गेली. २००८ साली तिथल्या घटना न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. आपण किरण मोरे आणि किरण बेदी दोघांनाही सहज ओळखत मोठे झालो, त्यामुळे या वादाचं आपल्याला हसू येतं.

पण फार हसू नये. मोबाइलवरच्या 'युनिसेक्स नावां'च्या याद्या वाचल्या तर कळतं की ही वाट बरेचदा एकेरी असते. मुलांची नावं मुलींना दिली की ती 'कूल', पण मुलींची झालेली नावं मुलांना द्यायला कुणी धजत नाही. इंग्रजीतलं 'ॲशली' बघा. १९३६च्या 'गॉन विथ द विंड'मध्ये ॲशली हा पुरुष आहे. पुढे ते मुलींचं नाव झालं आणि मुलग्यांकडून जवळजवळ सुटलं. आपलं 'सुमन'ही आज किती मुलग्यांना मिळतं?

'माणिक'च्या बाजूने मी एवढंच म्हणेन की त्याची दोन्ही दारं अजून उघडी आहेत. दोषही आहेत. ते जुनं वाटतं, पानटपरीवरची पुडी आठवते, आणि पोर म्हणजे घरातला दागिना ही कल्पना मला फारशी रुचत नाही. शिवाय नाव कितीही मोकळं असलं, तरी त्याच्या मागे बापाचं नाव लागतंच.

ताईला मुलगी झाली. भावोजी म्हणाले, "आता कळलंय ना, मग छान मुलीचंच नाव ठेवू की." त्यांच्या मते प्रश्नच मिटला होता. ताई शांतपणे म्हणाली, "ती कोण आहे हे कळायच्या आधी तिच्यासाठी जे शोधलं, तेच राहील."

बाराव्या दिवशी आत्याने पाळण्यात वाकून बाळाच्या कानात 'माणिक' म्हटलं. ग्रुपवर भावोजी तिला अजून 'माणिकराव' म्हणतात. ताईने सगळ्यांना पेढे वाटले.