शिक्क्याचा कागद आणि तोंडची परंपरा

बर्लिन शहराच्या नैर्ऋत्येला वानझे नावाचे मोठे तळे आहे. त्याच्या काठच्या एका बंगल्यात २० जानेवारी १९४२ रोजी नाझी राजवटीचे पंधरा बडे अधिकारी जमले होते. युरोपातील सर्व यहुदी लोकांच्या संहाराच्या कामी सर्व सरकारी खात्यांनी एकजुटीने चालावे, हा त्या बैठकीचा हेतू होता. १९९२ पासून तेथे स्मारक आणि प्रदर्शन आहे. त्यातील सर्वांत मोलाचा पुरावा म्हणजे त्या बैठकीचे पंधरा पानांचे इतिवृत्त. ऐतिहासिक साधन कसे पारखावे हे शिकण्यासाठी यासारखा दुसरा धडा नाही.

पहिला प्रश्न असा की कागद अस्सल आहे काय? त्याच्या तीस प्रती काढल्या होत्या. त्यांतील सोळावी तेवढी १९४७ साली जर्मन परराष्ट्र खात्याच्या दप्तरात सापडली. तिच्यावर अतिगुप्ततेचा शिक्का आहे, पण सही कोणाचीच नाही. शोआ नाकारणारे लोक एवढ्यावरून ‘बनावट’ अशी ओरड करतात. परंतु हा कागद एकटा नाही. बैठकीचे निमंत्रण, ती पुढे ढकलल्याचे पत्र आणि इतिवृत्तासोबत फेब्रुवारीत धाडलेले पत्र, असे सगळे धागे एकमेकांना जुळतात. शिवाय १९६१ साली येरुशलेमच्या न्यायालयात आइखमनने स्वतः कबूल केले की मसुदा आपण तयार केला आणि हायड्रिखने तो दुरुस्त केला. तेव्हा अस्सलपणाबद्दल शंका उरत नाही.

पण अस्सल म्हणजे सत्यवचनी नव्हे. त्या पानांत ठार मारण्याचा सरळ उल्लेख नाही. ‘पूर्वेकडे रवानगी’ असले सोवळे शब्द आहेत. देशवार यादी मात्र आहे. तिची बेरीज एक कोटी दहा लाखांवर जाते आणि तिच्यात इंग्लंडचे ३,३०,०००, एवढेच काय, आयर्लंडचे ४,००० यहुदीही मोजले आहेत. बैठकीत मारण्याविषयी उघड बोलणे झाले, असे आइखमनने साक्षीत सांगितले. तो आरोपी होता, दोष वरिष्ठांवर ढकलण्यात त्याचा स्वार्थ होता, म्हणून त्याचा शब्दही पारखूनच घ्यावा लागतो. परंतु येथे घडलेल्या गोष्टीच त्याच्या बाजूने साक्ष देतात.

दुय्यम साधनांचीही अशीच परीक्षा घ्यावी. ‘संहाराचा निर्णय वानझे येथे झाला’ हे वाक्य एका लेखातून दुसऱ्या लेखात उतरत आले आहे. पण कीव्हजवळ बाबी यार येथे ३३,७७१ यहुदींची हत्या सप्टेंबर १९४१ अखेरची, आणि खेल्म्नो येथे विषारी धुराने मारणे डिसेंबर १९४१ पासूनचे. म्हणजे बैठकीपूर्वीच काम सुरू झाले होते. शंभरांनी लिहिले म्हणून एखादी गोष्ट शंभरपट खरी होत नाही. ते शंभर जण एकाचेच पाहून लिहीत असतील.

आता हीच कसोटी आपल्या घरी लावू. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली, ही कथा आपण सर्वांनी आजीच्या तोंडून ऐकली आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांचा ग्रंथ १८९७ साली पुरा झाला आणि १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेला. त्यात आगमनाचा काळ इसवी सनापूर्वी १७५ असा दिला आहे. हा आकडा कोणत्याही जुन्या नोंदीतला नाही. तो केहिमकरांचा तर्क आहे. आपल्या पूर्वजांना हनुक्का ठाऊक नव्हता, तेव्हा ते त्याआधीच निघाले असावेत, असा त्याचा एक आधार. पण शतकांच्या ओघात सण विसरलाही जाऊ शकतो. त्याच कोकणात चित्पावनांचीही कथा आहे, समुद्राने किनाऱ्यावर टाकलेल्या चौदा प्रेतांची. सात जोडप्यांचेही चौदाच होतात. हे साम्य दडवणे प्रामाणिकपणाचे नाही.

मग सारेच खोटे काय? मुळीच नाही. गावकऱ्यांनी आपल्या लोकांना ‘शनवार तेली’ म्हटले. घाणा शनिवारी बंद राहतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले आणि नाव ठेवले. आपल्याला यहुदी ठरवण्यात त्यांचा काडीचाही लाभ नव्हता. शेमा, सुंता आणि शब्बाथ यांची परंपरा या नावाशी जुळते. ज्याचा स्वार्थ नाही अशा शेजाऱ्याची ही साक्ष मला १७५ या आकड्याहून कितीतरी भारी वाटते.

हा विषय पुस्तकी नाही. १९६२ साली मुख्य रब्बी कचेरीने विवाहापूर्वी आपल्या लोकांच्या पूर्वजांची चौकशी करण्याचा हुकूम काढला. तो बदलायला १९६४ पर्यंत झगडावे लागले. कागद नाही म्हणजे वंश नाही, असा त्या चौकशीचा सूर होता. त्याला उत्तर म्हणून कच्चा आकडा छातीठोकपणे सांगणे शहाणपणाचे नाही. तो आकडा ढासळला की ऐकणारा बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही अविश्वास दाखवतो.

म्हणून वाचक बंधुभगिनींनो, नातवंडांना कथा जरूर सांगा, पण कथा म्हणून सांगा आणि पुरावा पुरावा म्हणून. घरात जुना केतुबा असेल, सिद्दूरच्या कोऱ्या पानावर जन्मतारखा असतील, कोकणातल्या कबरस्तानातील शिळेचा फोटो असेल, तर तो जपा. आठवण लिहाल तेव्हा खाली तीन ओळी घाला : कोणी सांगितले, कोणत्या गावी, कोणत्या साली. स्वतः पाहिलेले आणि नुसते ऐकलेले वेगवेगळे लिहा. पुढे कोणी पारखायला बसला, तर त्याला एवढे पुरेल.