शरदला एक खोली हवी होती

चैतन्य ताम्हाणेचा ‘द डिसायपल’ मी मालवणला घरी, वर्क फ्रॉम होमच्या दिवसांत फोनवर पाहिला. इयरफोन लावून, म्हणजे शरद नेरूळकर माईंची व्याख्यानं ऐकतो तसाच. रात्रीचा रिकामा रस्ता, बाइक, आणि कानात एकटेपण पत्करायला सांगणारा आवाज. ही दृश्यं फार सुंदर आहेत, आणि माझी तक्रार तिथेच आहे. सिनेमा त्या एकटेपणाला जरा भुलतो.

शरदला गुरुजी आहेत, सोबत शिकणारेही आहेत. पण ऐकलेल्या गाण्यावर मोकळेपणी भांडायला कुणी नाही. माईंबद्दल वेगळं बोलणारा एक संग्राहक भेटतो, तर हा त्याच्यावर पाणी फेकून निघून जातो.

त्याच मुंबईत दुसरी शक्यता होती. जेझुइटांनी १८६९मध्ये काढलेल्या सेंट झेवियर्स कॉलेजात १९७३पासून ‘इंडियन म्युझिक ग्रुप’ आहे. ख्रिस्ती कॉलेज, आणि तिथे हिंदुस्थानी संगीताच्या ध्वनिमुद्रणांचा मोठा संग्रह. चौकात ‘जॅनफेस्ट’च्या मैफली, त्याही विद्यार्थ्यांनी उभ्या केलेल्या. (याच चौकात १९५८मध्ये माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचा ऑर्केस्ट्रा वाजला होता. हो, गाण्यातले तेच अँथनी.) जुनी ध्वनिमुद्रणं शरदच्याही हाताखालून जातात, नोकरीच म्हणून. पण माईंच्या टेप ही त्याची खाजगी नशा आहे. संग्रह चारचौघांचा असला की शेजारचा म्हणतो, ‘ती तान परत लाव, मला नाही पटली.’

आमच्याकडे हे काम डबलबारी करते. बुवा घसरला की पुढच्या रांगेतला म्हातारा तिथल्या तिथे म्हणतो, ‘बुवा, पखवाज खंय, तुमी खंय!’ मी पेटी वाजवायचो. हात बरा होता, इतकंच. इंजिनिअरिंगला गेलो, तिथे ‘कल्चरल’ म्हणजे डीजे. पेटी सुटली ती सुटलीच.

म्हणून शेवट मला पटत नाही. शरद मैफलीतलं गाणं सोडून संगीताची कंपनी काढतो आणि सिनेमा त्याच्याकडे हरलेल्या माणसासारखं पाहतो. पण कुणीतरी ऐकायला, जपायला, मैफल जमवायला हवंच ना? तीही दिशाच आहे. शरदला ती चाळिशीच्या उंबऱ्यावर, एकट्याला सापडते. झेवियर्सच्या एखाद्या पोराला ती विशीतच, तंबोरे उचलता उचलता सापडत असणार.

गेल्या गणपतीत पेटी खाली काढली. भाता फाटलाय. दुरुस्तीला कुडाळला न्यायची आहे.